घासाची भूक

“…पण बाबा, अजगरानं घास घेतला नाही, यात माझं काय चुकलं?”

रणधीरच्या आवाजात अजून ताठा होता. पांढरदऱ्याच्या मठात लोक जखमी साप आणून देत आणि बरे होईपर्यंत सोमगिरीबाबा त्यांना सांभाळत. रणधीर त्यांचा शिष्य. साप धरण्यात पटाईत, आणि ते ऊठसूट सांगण्यात त्याहून पटाईत. सापघराची किल्ली आता आपल्याच कमरेला हवी, हा त्याचा हट्ट.

मठाची रीत साधी होती. उंदीर आधी एका झटक्यात मारायचा, चिमट्यानं पुढे धरायचा, आणि साप खाईपर्यंत शेजारी बसायचं.

काल पाहुणे आले होते. रणधीरनं त्यांच्यासमोर अजगराच्या पेटीत जिवंत उंदीर सोडला. टाळ्या पडल्या. मग छाती फुगवून तो पाहुण्यांबरोबर जेवायला निघून गेला.

सकाळी पाहिलं, तर अजगराची पाठ कुरतडलेली. उंदीर कोपऱ्यात धडधाकट.

बाबांनी उंदराला पिंजऱ्यात ठेवलं, अजगराची जखम धुऊन औषध लावलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं. आवाज मात्र चढला नाही.

“याचे डोळे बघितले होतेस?”

“दुधाळ दिसले.”

“कात टाकायला आलाय. या दिवसांत तो खात नाही.”

रणधीरनं पिंजऱ्यातल्या उंदराकडे बोट दाखवलं.

“एवढासा उंदीर आणि अजगराला कुरतडतो! या चोराला आधी…”

“पेटीत त्याच्यासाठी चार दाणे ठेवले होतेस?”

“उंदरासाठी?” रणधीरला हसू आलं. “बाबा, तो तर घास!”

“घासाला भूक नसते?”

रणधीरनं पिंजऱ्याकडे पाठ फिरवली. बाबांनी पुढे विचारलं,

“आपल्याकडे पंगत उठेपर्यंत वाढपी कुठे असतो?”

“पंगतीत.”

“काल तू कुठे होतास?”

रणधीरनं मान ताठच ठेवली. सापाची कात निघते, माणसाचा ताठा इतक्या सहज निघत नाही.

“चुकलं असेल,” रणधीर म्हणाला. “पण मेलेला उंदीर चिमट्यानं भरवणं हे भित्र्यांचं काम. माझा हात नागापुढेसुद्धा कधी थरथरला नाही. किल्ली मलाच मिळाली पाहिजे.”

बाबांनी कमरेची किल्ली सोडली आणि उंदराच्या पिंजऱ्यात टाकली. दार उघडून धरलं.

“घे.”

रणधीरनं ऐटीत हात आत घातला. उंदीर कोपऱ्यात सरकला, मागच्या पायांवर उभा राहिला, दात विचकले. रणधीरनं प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढासा जीव नखशिखांत कापत होता.

रणधीरचा हात अर्ध्यावर थांबला…

किल्ली तिथेच राहिली. त्यानं हात बाहेर काढला, ओट्यावरच्या डब्यातले मूठभर ज्वारीचे दाणे घेतले आणि हलकेच पिंजऱ्यात ठेवले. बोटं अजून स्थिर नव्हती. ती लपवण्यासाठी त्यानं मूठ आवळली.

बाबांनी ती मूठ हातात घेऊन उघडली.

“थरथरला? … आता वाढायला घे.”