पहिला नंबर जमिनीचा

मुंबईच्या समुद्रकाठी एक बत्तीस मजली टॉवर आहे. त्याच्या फाटकाशी मुरुगन इडल्या विकतो, रामअवध चपला शिवतो आणि चांगुणा कोळीण मासळीची पाटी मांडते. बत्तीसही मजले या तिघांच्या जिवावर जेवतात आणि चालतात. तरी नवे चेअरमन टिपणीससाहेब यांनी निवडून येताच पहिली नोटीस लावली ती हीच: बाहेरून आलेल्यांनी उद्यापासून फाटकाशी बसू नये.

चांगुणा पाटी डोक्यावर घेऊन थेट सोसायटीच्या सभेत शिरली.

“साहेब, बाहेरून आलेलं सगळं हटवणार?”

“सगळं! कुणालाही सूट नाही,” टिपणीस गरजले.

“मग पहिला नंबर या जमिनीचा. इथं समुद्र होता. माझा आजा इथंच जाळं टाकायचा. ही भरावाची माती मागाहून ट्रकांनी आली, तीही बाहेरूनच. आधी तिला परत पाठवा, तिच्या मागोमाग आम्ही निघतो. तुम्ही तेवढं पोहायला शिकून घ्या!”

सभेत असा हशा पिकला की नोटीस संध्याकाळच्या आत उतरली. फाटकातून जाताना साहेब मात्र अजूनही पाय जरा जपूनच टाकतात.