घरात असून घरी न आलेला विणकर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. त्या राज्यातले सगळे विणकर राजाच्या मागशाळेत बसून विणत. सकाळी घंटा झाली की माग सुरू, सांजावताना घंटा झाली की माग बंद, असा तिथला शिरस्ता. बंद करताना प्रत्येक जण आपला माग झाकायला त्यावर जाड कापडाचा धडपा टाकी आणि हात जोडी. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी शिवत नसे.

या मागशाळेत एक विणकर होता. रोज दीड कोस चालत यायचा, दीड कोस चालत जायचा. घरात दोघंच, तो आणि त्याचा बाप. बापही एके काळचा नावाजलेला विणकर, पण म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. एकदा एकटाच चाचपडत चुलीपाशी गेला आणि चांगलाच पोळला. तेव्हा विणकराने राजापुढे हात जोडले आणि माग घरी नेऊ द्या, अशी विनवणी केली.

राजा दयाळू होता, पण भोळा नव्हता. तो म्हणाला, "ने. मात्र होळीला मुकादम येऊन महिनाभराचं कापड मोजेल. इथल्यापेक्षा कमी भरलं, तर माग परत येईल आणि मागाबरोबर तूही."

विणकराला हसूच आलं. कमी भरेलच कसं? जाणं-येणं वाचलं, शेजारच्या मागावरच्या गप्पा वाचल्या, तेवढं कापड वाढणारच. हिशेब सोपा होता. सोपे हिशेबच माणसाला गोत्यात आणतात, पण हे त्याला कोण सांगणार?

माग घरी आला. विणकर डोळे उघडल्या उघडल्या त्यावर बसू लागला. भाकरी मागावरच, पाण्याचा तांब्या हाताशी. अंधार पडला की दिवा लावायचा आणि पुढे चालू. धडपा कोनाड्यात गेला तो तिथेच राहिला. हळूहळू त्याची पाठ धरली, पाय सुजले. एवढं तर चालायचंच, असं म्हणून तो बसून राहिला.

दिवाळीला त्याने महिनाभराचं कापड मोजलं आणि चक्रावला. मागशाळेत व्हायचं त्याहून ते कमी होतं. पुन्हा मोजलं, तरी तेवढंच.

आता त्याला चैन पडेना. दुप्पट वेळ बसतो, मग कापड जातं तरी कुठे? आधी त्याने उंदरांवर संशय घेतला, पण कुरतडल्याची खूण कुठे नव्हती. मग मोजायच्या काठीवर घेतला. शेजारणीची काठी आणून लावली, तर दोन्ही सारख्याच. मग सुताला नावं ठेवली. शेवटी मागाचं तोंडही पूर्वेचं उत्तरेला फिरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! कापड काही वाढेना, आणि होळी तर जवळ येत होती. माग परत गेला, तर बापाला पुन्हा त्या चुलीपाशी एकटं सोडून जावं लागणार होतं.

एके दिवशी दिवेलागणीला शेजारीण ताक घेऊन आली. म्हाताऱ्याने तिला विचारलं, "बाई, माझा मुलगा कामावरून आला का गं?"

ती हसली. "बाबा, तो काय, समोरच बसलाय की."

"माग वाजतोय, म्हणजे तो कामावर आहे. ते मला ऐकू येतंय. घरी आला का, ते विचारतोय."

विणकराचा हात थांबला. ज्याच्यासाठी माग घरी आणला, त्याच्याशी आपण धड कधी बोललो, ते त्याला आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. कसाबसा उठून तो बापाजवळ जाऊन बसला आणि कापडाचं कोडं त्याला सांगून टाकलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सकाळी बसल्यावर पहिलं काय करतोस?"

"उसवतो. दिव्याच्या उजेडात डाळिंबी आणि जांभळं सूत सारखंच दिसतं. रात्री चुकलेलं सकाळी उसवतो, मग परत विणतो."

"रोज?"

"रोजच." बोलता बोलताच विणकराला ते उमगलं. उसवणंही मागावर बसूनच व्हायचं, म्हणून त्याने ते कामातच धरलं होतं.

"चोर सापडला," म्हातारा म्हणाला. "दमलेल्या डोळ्यांनी विणतोस आणि ताज्या डोळ्यांनी उसवतोस. अरे, त्या घंटेनेच कापड वाढत होतं. इथे घंटा नाही, तर घंटा तूच हो."

"आणि हे पाय?"

"दीड कोस जायचे, दीड कोस यायचे वाचवलेस ना? ते कुठे ठेवलेस, ते पायांनाच विचार."

दुसऱ्या सकाळपासून विणकर बापाचा हात धरून नदीच्या बांधापर्यंत जाऊ लागला. परत आला की माग सुरू. दुपारी उठून चुलीपाशी बापाबरोबर जेवायचं. रंग ओळखू येईनासे झाले की धडपा टाकायचा, हात जोडायचे. सुरुवातीला त्याचे हात शिवशिवत. होळीच्या धास्तीने दिवा लावायचा मोह होई. पण सकाळी उसवायला काही नसे, आणि तेवढ्याने त्याला धीर येई. पायांची सूजही उतरली.

होळीला मुकादम आला. त्याने कापड मोजलं, पुन्हा मोजलं. मागशाळेपेक्षा हातभर जास्तच भरलं. हे कसं केलंस, असं त्याने विचारलं.

"लवकर थांबतो," विणकर म्हणाला.

मुकादमाला ते काही पटलं नाही, पण कापड समोर होतं. माग घरीच राहिला.

पुढे गावातल्या बऱ्याच विणकरांनी माग घरी आणले, आणि त्याचीच रीत उचलली. सकाळी ते कामाला निघत, बांधापर्यंत जात आणि आपापल्या घरीच कामावर येत. परगावचे लोक हसत. हसोत बापडे. दिवेलागणीनंतर त्या गावात एकही माग वाजत नसे, घराघरांतून नुसता गप्पांचा आवाज येई.

तात्पर्य: घरी बसून काम करणाऱ्याला काम थांबवता आलं, तरच काम वाढतं आणि घरही लाभतं.