मुंगसाचा पायगुण

त्या मुलखात एकमेकांशी बोलण्यासाठी वेली होत्या, आणि त्या वेली कशा बांधल्या ते सांगणारे कुणीच उरले नव्हते. टेकडीवर पूर्वी वानरे राहत. त्यांनी घराघरांपर्यंत वेली ओढल्या आणि त्यांची दुसरी टोके मधल्या पोकळ झाडाच्या ढोलीत नीट खोचून ठेवली. पुढे वानरे दुसऱ्या रानात गेली. जाताना टेकडी ठेवून गेली, वेली ठेवून गेली, पण कोणती वेल कशाला हे सांगायचे मात्र राहून गेले. नवे रहिवासी आले, त्यांनी वेलींना नमस्कार केला आणि त्या वापरायला सुरुवात केली.

निरोप मुंग्या नेत. पुढची मुंगी वासावरून घर शोधायची आणि बाकीच्या तिच्या मागे चालायच्या. वेलीच्या टोकाशी हवे ते घर नाही असे दिसले की ती परत ढोलीत यायची आणि दुसरी वेल धरायची. एवढी साधी व्यवस्था होती, आणि पुष्कळदा ती चालायचीही. पण कधीकधी अचानक काय व्हायचे कोण जाणे, सकाळी पाठवलेला निरोप संध्याकाळपर्यंत पोचायचा नाही. बारशाला बोलावलेले पाहुणे मूल रांगायला लागल्यावर यायचे. आणि लोक ओरडायला लागले, की कुणी काही न करता सगळे पुन्हा सुरळीत व्हायचे.

वेलींची देखभाल खारीकडे होती. ज्याला त्याला तिला काहीतरी सुचवायचे असायचे. मुंग्या आळशी झाल्यात, असे कुणी म्हणाले. खारीने मुंग्यांना रागे भरले. वेली वाळल्यात, असे कुणी म्हणाले. तिने चांगल्या हिरव्या वेली काढून नव्या लावल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चार दिवस बरे गेले, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शेवटी एका शहाण्याच्या लक्षात आले, की मुंगूस घरी असले म्हणजे निरोप पोचतात आणि ते भटकायला गेले की अडतात. हे अगदी खरे होते, आणि म्हणूनच घोटाळा झाला. मुंगसाचे दर्शन शुभ असते हे सगळ्यांना ठाऊक होतेच. आता त्याचा पायगुणही सिद्ध झाला. लोक त्याच्या बिळाशी अंडी आणून ठेवू लागले. "मुंगूसराव, आज कुठं जाऊ नका हं," अशी विनवणी होऊ लागली. मुंगूस डोळे मिटून म्हणायचे, "बघतो. जमलं तर थांबतो." आणि दुपारी निघून जायचे, कारण भटकल्याशिवाय त्याला करमत नसे.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण खाली नदीच्या काठी चिचुंद्री राहत होती. तिला दिसायचे कमी. वरच्या डोंगरात पाऊस झाला की नदीच्या वळणावरचे पाणमांजर निरोप धाडायचे, आणि त्या एका निरोपावर चिचुंद्रीचा आणि तिच्या पिलांचा जीव होता. मागच्या खेपेला निरोप आलाच नाही. पाणी बिळात शिरले तेव्हा तिला कळले, आणि पिले कशीबशी वाचली.

ती चाचपडत टेकडी चढून खारीकडे आली. "खारूताई, मुंगसाला अंडी द्यायची माझी ऐपत नाही," ती म्हणाली. "निरोप आला तर आम्ही आहोत, नाही आला तर नाही. तुम्ही एवढं बघा."

खारीला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून तिने लोकांचे ऐकणे बंद केले आणि ती ढोलीत जाऊन बसली.

मुंगूस नुकतेच बाहेर पडले होते. खारीने एका मुंगीच्या पाठीला गेरू लावला आणि तिला सोडले. गेरूवाली मुंगी ओळीतून एका जाड वेलीत शिरली. थोड्या वेळाने ती ढोलीच्या दुसऱ्या भोकातून आत आली.

"कुठं निघालीस?" खारीने विचारले.

"पोचलेच बघा. हे एवढं वळण संपलं की झालं," मुंगी म्हणाली आणि पुन्हा त्याच वेलीत शिरली. पुन्हा आली तेव्हाही ती तेच म्हणाली, तितक्याच उत्साहाने. त्या ओळीत आता पुढची मुंगी कुणीच नव्हती. प्रत्येक जण कुणाच्या तरी मागे होती.

खारीने वेल हाताने चाचपत नेली. तिची दोन्ही टोके ढोलीतच खोचलेली होती. तिने एक टोक उपसले. ओळीतली एक मुंगी त्या टोकापाशी आली, पुढे काही नाही असे पाहून वळली आणि वास घेत दुसऱ्या वेलीने चालू लागली. बाकीच्या तिच्या मागे गेल्या. घटकाभरात ढोली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोक पुन्हा खोचलेले होते.

ढोलीची झाडलोट साळुंकी करायची. मोकळे लोंबणारे टोक म्हणजे अवदसा, दिसले की जवळच्या खाचेत खोचून द्यायचे, अशी त्या मुलखाची रीत होती, आणि साळुंकीइतकी ती कुणीच पाळत नसे.

"हे तू खोचलंस?" खारीने विचारले.

"मग काय लोंबत ठेवू?" साळुंकी म्हणाली. "ही मुंगसाची वेल. घरी असलं की मुंगूस हिचं टोक झाडाखालच्या बिळाशी ओढून घेतं. बाहेर जाताना मुंग्या बिळात शिरतील म्हणून इथं भिरकावून देतं. रोज मीच आवरते. कुणी कधी कौतुकाचा शब्द काढला नाही."

खारीने तिला गेरूवाली मुंगी दाखवली. साळुंकीने मान कलती करून तिला जाताना पाहिले, येताना पाहिले, पुन्हा जाताना पाहिले. तिची पिसे मिटली.

"म्हणजे चिचुंद्रीच्या घरात पाणी शिरलं ते माझ्यामुळं?"

"रीत सगळ्यांची आहे. पाळायला मात्र तू एकटी यायचीस."

"आता मी काय करू?"

"काही करू नकोस," खार म्हणाली. "ते फार अवघड आहे, म्हणून तुलाच सांगते."

खरा प्रकार सगळ्यांना कळला आणि मुंगसाची अंडी बंद झाली. ते काही दिवस रुसले, मग पहिल्यासारखे भटकू लागले. वेलीचे टोक ढोलीबाहेर वाऱ्यावर डुलत राहिले. साळुंकी त्याच्यासमोर चोच छातीत खुपसून बसायची आणि ते डुलले की डोळे मिटून घ्यायची.

एके दुपारी वरच्या डोंगरावर आभाळ काळे झाले. पाणमांजराची मुंगी ढोलीत आली, मुंगसाच्या वेलीत शिरली, टोकापाशी पोचून वळली आणि काठाच्या वेलीने खाली गेली. थोड्या वेळाने साळुंकीला राहवेना. ती त्या वेलीवरून उडत नदीवर गेली.

पाणी अजून दूर होते. चिचुंद्री बिळातून बाहेर पडून चढणीला लागली होती. तिचे शेपूट पहिल्या पिलाने तोंडात धरले होते, पहिल्याचे दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने. सगळ्यांत मागे एक एवढेसे पिलू होते. त्याचे शेपूट कुणीच धरले नव्हते. ते मोकळेच हलत होते.

साळुंकी खाली उतरली. तिने त्या शेपटाकडे पाहिले, मग ओळीच्या पुढे चाललेल्या चिचुंद्रीच्या तोंडाकडे पाहिले. तिची चोच जराशी उघडली. मग तिने ती मिटली, आणि ओळ टेकडी चढून गेली.