भोकरावरचं पिवळं पान

पाखरं नेमाने शेजारधर्म पाळत, त्या काळची ही गोष्ट.

भोकराच्या झाडावर शिंपी पक्ष्याची दोन पोरं राहायची, रेशी आणि तिचा धाकटा भाऊ दोरू. वादळात त्यांची आई गेली. तिने पान शिवून केलेलं घरटं तेवढं मागे राहिलं. पान पिवळं पडलं, पण ते गळू नये म्हणून दोघं त्याचा देठ रोज कापसाच्या धाग्याने फांदीला शिवत बसायची. कुणाशी बोलायची नाहीत.

एके दिवशी शेजारची बुलबुलमावशी घाबरीघुबरी होऊन आली. "पोरांनो, माझं घरटं एका बाजूने उसवलंय. पिल्लं पडतील रे! चार टाके घालून देता?"

"कापूस कुठं उरलाय?" दोरू फणकारला. "आहे तो त्या पानात."

रेशी पानाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच त्याचे टाके उसवले. तोच कापूस घेऊन दोघांनी मावशीचं घरटं फांदीला पक्कं शिवलं. तेवढ्यात पलीकडे पिवळं पान गळून पडलं. दोरूने शेवटची गाठ आवळली.

घरट्यातल्या पिल्लाने टाके निरखत विचारलं, "दादा, इतकी सुबक गाठ मारायला कुणी शिकवलं?"

"आईनं," दोरू म्हणाला.

वादळानंतर तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.