हरिणीचे दुसरे भाषण

मुलांनो, सागाच्या एका जंगलात पाणवठ्याशेजारी एक हरिणी आपल्या तान्ह्या पाडसासह राहत होती. पाणवठ्यावरच्या उंबरावर वानरांची टोळी असे. दूरवर बिबट्या दिसला की वानरे ओरडत आणि हरिणी पाडसाला घेऊन पळे. एके दिवशी बातमी आली, की वानरे डोंगरापलीकडच्या आमराईत कायमची राहायला जाणार. हरिणीला प्रश्न पडला, वानरे गेल्यावर पाडस वाचायचे कसे?

ती पोपटाकडे धावली. पोपट हा जंगलातला नामवंत वक्ता. बारसे असो की शोकसभा, त्याचे भाषण एकच. फक्त नाव बदले. तेच त्याने हरिणीकडून पाठ करून घेतले. "वृक्षवासी बांधवांनो!" तिने उंबराखाली सुरुवात केली. "मैत्री हे वनाचे भूषण! मातेचे अश्रू हे..." शेवटी 'जाऊ नका' अशी विनवणीही तिने केली. टाळ्या भरपूर पडल्या. मग वानरांचा म्होरक्या म्हणाला, "फार छान बोललीस, पोरी. डोळ्यांत पाणी आलं बघ. बरं, आम्ही उद्या सकाळी निघतो."

"आवाज आणखी चढवायला हवा होता," पोपटाने मत दिले. हरिणीला ते पटले नाही. 'मला काय हवे ते मी सांगितले,' ती मनाशी म्हणाली, 'त्यांना काय हवे, याचा विचारच केला नाही.' सकाळी ती पुन्हा उंबराखाली गेली.

"काका, आंबे गोड आहेत, यात वाद नाही. पण तिथे पाणी कुठे?"

"खाली ओढ्याला."

"म्हणजे झाडावरून उतरणं आलं. वाकून पाणी पिताना तुम्हाला काय दिसतं?"

"आपलंच थोबाड!" एक वानर म्हणाले. सगळे खिदळले.

"आणि झुडपात दडलेल्या बिबट्याचा वास कोणाला येतो?"

सगळ्यांच्या नजरा म्होरक्याच्या नातीकडे वळल्या. चारच दिवसांपूर्वी ती पाणी पीत असताना हरिणीने पाय आपटून इशारा दिला, म्हणून ती बिबट्यापासून वाचली होती.

"आमराईत गवत नाही, म्हणून हरणंही नाहीत," हरिणी म्हणाली. "इथे वरून तुम्ही बघता, खालून मी हुंगते. तिथे खालचं कोण बघणार?"

म्होरक्याने डोके खाजवले. "अगं, मग हे काल का नाही बोललीस?"

"काल मी भाषण करत होते, काका."

त्या सकाळी वानरे निघाली नाहीत. पाणी प्यायला खाली उतरली. हरिणी नाक वर करून काठावर उभी राहिली.

तात्पर्य : टाळ्या मिळवणे सोपे असते; पण पटवून द्यायचे असेल, तर ऐकणाऱ्याच्या गरजेपासून बोलायला सुरुवात करावी.