अक्काचे तळवे

ज्या काळाची आठवण आता पिढ्यांनीच मोजावी, त्या काळी बेलसरणी गावात यमनाक्का नावाची कुंभारीण होती. हाडे बसवण्यात तिचा हात असा, की मोडकी फांदीही तिच्या स्पर्शाने सांधत असे, असे म्हणतात.

आखाड्यात स्त्रीने पाऊल टाकू नये, अशी रीत होती. म्हणून अक्का रोज पहाटे एक कच्चे मडके कुंपणावरून आत देई आणि हैबती वस्ताद ते खांद्याच्या उंचीवरून हौद्यातल्या तांबड्या मातीत टाकी. मडके फुटले, की माती कडक. मग ती खणून भुसभुशीत होईपर्यंत कुस्ती बंद.

हैबतीला हे सलत असे. डाव शिकवावेत त्याने, आणि पोरांनी आधी वाकावे कुंपणापलीकडच्या अक्कापुढे! त्याचा मुलगा शिदू पहिली कुस्ती जिंकला, तेव्हा मानाचा नारळ घेऊन धावला तो अक्काकडे. त्या दिवसापासून हैबतीला भाकरीचा घासही कडू लागे, असे म्हणतात.

जत्रेच्या आदल्या दिवशी मडके फुटले.

“वस्ताद, हौदा समदा खणून घ्या. उद्या पोरं पडायची हायती,” अक्का म्हणाली.

“आमची पोरं पाडणारी हायती, पडणारी न्हवं!” हैबती म्हणाला, आणि पोरे हसली.

तिच्या शब्दावर खोरे उचलले, तर आखाडा तिचाच ठरेल, असे त्याला वाटले. त्याने हौदा खणला नाही. मडके जिथे टाकायचे, तेवढी हातभर माती मात्र लोण्यासारखी मऊ करून ठेवली.

जत्रेला मडके शाबूत राहिले. शिदू निर्धास्त उतरला. प्रतिस्पर्ध्याने त्याला उचलून फेकले, आणि तो डोक्यावर आपटला तो कडक मातीत. हातपाय हलेनात.

“उचला! पाणी पाजा!” म्हणत माणसे धावली. तोच अक्का कुंपण ओलांडून आत आली.

“हात लावू नगा! जो हलवील, त्यो त्याला मारील!”

मातीत बसून तिने शिदूचे डोके दोन्ही तळव्यांत धरले. सात दिवस ते तळवे केसभरही ढळले नाहीत. गावाने वर मांडव घातला. पाखरे तिच्या खांद्यांवर उतरू लागली, असे म्हणतात.

हैबती समोर बसून होता. पोटचे पोर मरणाच्या दारी, आणि तरीही त्याला त्या तळव्यांचा हेवा वाटत होता. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवेना.

“अक्का, मडक्यापुरतीच माती खणली व्हती मी.”

“मग आता बाकीची खणा, वस्ताद. दुसऱ्यांचीबी पोरं हायती.”

शिदूला धक्का लागू नये म्हणून दूरच्या कडेपासून तो हलक्या हाताने खणू लागला. आठव्या दिवशी शिदूने बोटे हलवली. पहिला शब्द उमटला, “अक्का.” हैबतीच्या काळजात पुन्हा कळ आली, पण खोरे थांबले नाही.

पुढे शिदू चालू लागला आणि लंगोट कसून हौद्याशी आला. “आबा, आता कायबी दुखत न्हाई.”

‘माझं ऐक’ हे शब्द हैबतीच्या ओठांवर होते. ते त्याने गिळले.

“अक्कानं अजून हात सोडला न्हाई,” तो म्हणाला. शिदू मागे फिरला.

आजही बेलसरणीत पोर डोक्यावर पडले, की गावातली एखादी जाणती स्त्री आत येऊन डोके धरते. ती येईपर्यंत वस्तादही त्याला शिवत नाही. मला काही झालेले नाही, असे पोराने कितीही सांगितले, तरी ती स्त्री ‘आता उतर’ म्हणेपर्यंत त्याला माती बंद; यालाच गावात ‘अक्काचा हात सुटणे’ म्हणतात. आणि हौदा खणताना एखादा कोपरा तसाच राहिला, तर म्हातारी माणसे हैबतीचे नाव घेतात, मोठ्याने नाही.