गोठणीवरची साक्ष

"उद्यापासून गावच्या एकाही जनावराचं पाऊल या गायरानात पडता कामा नये!" राजाच्या पागेचे कारभारी दौलतराव घोड्यावरून गरजले, आणि येसूनं पुढं गेलेली गुरं मागं वळवली.

येसू हिंगणखेडीच्या गुराख्याची लेक. बाप खाटेला खिळल्यापासून गावची गुरं तीच वळायची. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. बांधावर काडी नव्हती, विहिरींनी तळ गाठलेला. उरलं होतं ते एवढं गायरान! तेही गेलं, तर तिची गाभण गाय पोवळी महिनाभरसुद्धा तग धरणार नव्हती.

येसू तडक राजवाड्यावर गेली. "महाराज, गायरान गावाचं आहे!"

"साफ खोटं!" दौलतराव उसळले. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून पागेचे घोडे तिथंच चरतात. तिथला दगड न् दगड पाठ आहे त्यांना, आणि मलाही!"

राजा मोठा हट्टी. मिशीला पीळ देत म्हणाला, "पोरी, साक्षीदार आण. पण माणूस नको, माणसं खोटं बोलतात. कागद नको, तोही माणसंच लिहितात. उद्या दुपारपर्यंत आणलास तर गायरान तुमचं. नाहीतर कायमचं पागेचं!"

"आणते की! आपण फक्त घोडे तेवढे पाठवा, बिनलगामाचे."

सगळा दरबार खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. गायरानात राजा छत्रीखाली बसला. एकीकडे पागेचे वीस घोडे, तुकतुकीत. दुसरीकडे गावची गुरं, बरगड्या वर आलेली.

"कुठाय तुझा साक्षीदार?"

"दोन्हीकडची जनावरं मोकळी सोडा, महाराज. आणि कुणी हाकायचं नाही हं!"

जनावरं सुटली. पोवळीनं नाक वर केलं आणि चालू लागली. तिच्यामागं सगळी गुरं एका रांगेत, जुन्या पायवाटेनं, बोरीचे काटे चुकवत, थेट टेकाडाखालच्या चिंचेकडं. तीच गावची गोठण, गुरांची दुपारच्या विसाव्याची जागा. जे ते आपापल्या ठरल्या जागी बसलं.

आणि घोडे? घटकाभर बावचळून इकडंतिकडं पाहिलं, शेपट्या उभारल्या, आणि धुरळा उडवत सुटले ते सरळ राजवाड्याकडं, पागेतल्या वैरणीकडं! मागून दौलतराव! "अरे धरा! अरे अडवा!" पागोटं एकीकडं, जोडा एकीकडं!

येसूनं हात जोडले. "झाली साक्ष, महाराज! भर दुपारी मोकळं सोडलेलं जनावर आपल्याच घरी जातं. तुमची तुमच्या घरी गेली, आमची आमच्या!"

राजा मांडीवर थाप मारून असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "शाबास! गायरान गावाचं! आणि दौलतराव, पागेत कडब्याच्या किती गंजी आहेत?"

"बा... बारा, महाराज," धापा टाकत परतलेले दौलतराव म्हणाले.

"त्यातल्या सहा उद्या गोठणीवर आणून टाका. स्वतः!"

येसू पोवळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "कारभाऱ्यांना वाट सापडेल ना, महाराज? नाहीतर पोवळीला धाडते!"